शाळा सुटल्यानंतर

मुलांची शाळा हा आपल्या घरांतील मोठ्या काळजीचा विषय असतो, आणि तो तसा असावा हें योग्यच आहे. शाळा कोणती निवडावी, माध्यम कोणतें असावें, शिक्षक कसे आहेत, याविषयीं सुशिक्षित घरांत महिनेच्या महिने खल चालतो. परंतु शाळा सुटल्यापासून मूल अंथरुणावर पडेपर्यंत जे चार-पांच तास असतात, त्यांचा विचार आपण फारसा करीत नाहीं. ते तास आपोआप भरत जातात. आणि भरल्यावर ते कोणीं भरले व कशासाठीं भरले, हें घरांतील कोणालाच धडपणें सांगतां येत नाहीं. या महिन्यांत आपण या तासांविषयींच बोलूं.

गेल्या पावसाळ्यांत मी जळगांवास एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहिलें होतें. घर नऊ माणसांचें. आजी-आजोबा, दोघे मुलगे, दोघी सुना व तीन नातवंडें. दोन्ही सुना नोकरी करणाऱ्या, शिकलेल्या आणि कामांत निगुतीच्या. स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद चिकटविलेला होता व त्यावर तिन्ही मुलांचा आठवडा आंखलेला होता. थोरला मुलगा नववींत. त्याला गणिताची शिकवणी, विज्ञानाची शिकवणी आणि क्रिकेट. मधली मुलगी सहावींत; तिला गाणें, अबॅकस आणि इंग्रजी संभाषण. धाकटा दुसरींत, त्याला चित्रकला आणि कराटे. तीन मुलांच्या मिळून आठ शिकवण्या! संध्याकाळीं पांच वाजल्यापासून त्या घरांतील स्कूटर दारांत उभी राहत नसे, आणि ती चालविणारी बहुधा थोरली सूनबाईच असे. कचेरींतून यावें, पर्स ठेवावी, एकाला सोडावें, दुसरीला आणावें, येतांना भाजी घ्यावी आणि आठ वाजतां पोळ्यांना लागावें, असा त्यांचा क्रम होता.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणाच्या वेळीं मधली मुलगी वरणभाताचा घांस हातांत असतांनाच पेंगूं लागली. आजींनीं तिला सांवरलें. मग साहजिकच बोलणें निघालें. तिची आईच म्हणाली, “आतां हिचें गाणें बंद करूं. संध्याकाळीं माझ्या हाताशीं कोणी नसतें. ही घरीं राहिली तर निदान कणीक तरी भिजवून ठेवील.” कोणालाही यांत वावगें वाटलें नाहीं. मुलगी तोंवर जागी झाली होती. ती कांहीं बोलली नाहीं. ताट उचलून मोरीकडे निघून गेली.

मीं विचारलें, “गाणेंच कां? अबॅकस कां नको?” उत्तर मिळालें कीं, अबॅकसचे वर्षाचे पैसे भरलेले आहेत. इंग्रजी कां नको? तर तें पुढें लागणारच. आणि थोरल्याचें क्रिकेट? तो रुसेल. अधिक विचारतां असें कळलें कीं, त्या मुलीच्या तीन शिकवण्यांपैकीं तिनें स्वतः हट्ट धरून मागितलेली अशी एकच होती, आणि ती म्हणजे गाणें. जी मुलीची खरी हौस तीच पहिल्यांदा रद्द झाली. कारण तिचें शुल्क थोडें होतें, तिचा उपयोग दिसत नव्हता, आणि मुलगी रुसणारी नव्हती.

ही गोष्ट एका घराची म्हणून मीं सांगितली नाहीं. थोड्याफार फरकानें ती आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं घडते. तिच्यांत कोणी दुष्ट नाहीं. सर्वांना मुलांचें कल्याणच हवें आहे. मग चुकतें कोठें?

प्रथम साधा हिशेब पाहूं. अमेरिकेंतील निद्रातज्ज्ञांच्या मंडळानें २०१६ सालीं जो निर्णय दिला, त्याप्रमाणें ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दररोज ९ ते १२ तास झोंप हवी; १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी निदान ६० मिनिटें अंग मोडून खेळण्यास वा व्यायामास सांगते. केंद्र सरकारनें २०२० सालीं दप्तराविषयीं जें धोरण आंखलें, त्यांत सहावी ते आठवीच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक गृहपाठ देऊं नये असें म्हटलें आहे. आतां त्या सहावींतल्या मुलीचा दिवस मांडा. झोंप कमींत कमी ९ तास. शाळा, जाण्यायेण्यासह, ७ तास. आंघोळ, जेवणखाण वगैरे २ तास. गृहपाठ १ तास. झाले १९. उरले ५. एकेका शिकवणीला जाण्यायेण्यासह दीड तास धरला, तर ज्या दिवशीं तिन्ही शिकवण्या येतात त्या दिवशीं साडेचार तास गेले. राहिला अर्धा तास! त्या अर्ध्या तासांत तिनें खेळावें, आजीजवळ बसावें, भावाशीं भांडावें, घरांतलें काम करावें आणि कांहीं न करतां खिडकींत उभेंही राहावें. हें बसत नाहीं. म्हणून तें झोपेंतून वजा होतें, आणि वरणभाताचा घांस हातांत राहतो.

मुलांची झोंप पुरी होत नाहीं ही गोष्ट आतां सरकारच्याही ध्यानांत आलेली आहे. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ वाजण्यापूर्वीं भरवूं नयेत असा जो आदेश काढला, त्याच्या मुळाशीं हेंच कारण होतें. पण सकाळीं सरकारनें दिलेला तास रात्रीं आपणच काढून घेतला, तर त्या आदेशाचा काय उपयोग?

कोणी म्हणेल, पूर्वीं एकत्र कुटुंबांत असलीं व्यवधानें नव्हतीं. मुलें आपोआप वाढत. हें खरें आहे, पण अर्धेंच खरें आहे. पूर्वीं शाळा सुटल्यावर मूल दप्तर टाकून गल्लींत पळे, आणि गल्ली सुरक्षित असे. दिवेलागणीला हांक मारली कीं हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसे. त्याला नेणेंआणणें कोणाला पडत नसे. आज तीच गल्ली वाहनांनीं भरली आहे. धुळ्यास मुंबई–आग्रा रस्ता आणि सुरत–नागपूर रस्ता एकमेकांना मिळतात. जळगांवांत तर महामार्ग शहराच्या अंगावरूनच गेला आहे. पूर्वींच्या आयांना जो प्रश्न पडलाच नाहीं, तो आजच्या आईला रोज संध्याकाळीं पडतो. तेव्हां “आमच्या वेळीं असें नव्हतें” एवढें म्हणून आजी-आजोबांनीं मोकळें होणें न्यायाचें नाहीं.

तरी पण पूर्वींच्या व्यवस्थेंतून घेण्यासारखें कांहीं आहेच. आपल्या खानदेशांतलीच दोन उदाहरणें घेऊं.

साने गुरुजी १९२४ सालीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक म्हणून आले आणि १९३० सालीं सत्याग्रहांत जाईपर्यंत तेथें राहिले. त्या काळांत शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. परगांवचीं मुलें, आईबापांपासून दूर. शाळा सुटल्यानंतरचे सारे तास गुरुजींच्याच हातीं. त्यांनीं त्या तासांत काय भरलें? ते स्वतः मुलांच्या खोल्या झाडीत, कंदील पुसून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशीं बसत. मुलांसाठीं ‘छात्रालय’ नांवाचें एक दैनिक ते हातानें लिहून काढीत, आणि मुलें तें वाचण्याची वाट पाहत. म्हणजे त्यांनीं मुलांना दिलें तें मुख्यतः स्वतःचें सान्निध्य. पुढें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिलें. त्यांतही आईची शिकवण कोणत्या वेळापत्रकांत बसविलेली नाहीं. ती फुलें वेंचतांना, पाणी भरतांना, जेवतांना मिळत जाते.

दुसरें उदाहरण भुलाबाईचें. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर खानदेशांतल्या मुली संध्याकाळीं घरोघर जमून भुलाबाईचीं गाणीं म्हणतात आणि शेवटीं झांकलेल्या डब्यांत खाऊ कोणता तें ओळखतात. पुण्या-सातारकडे भोंडला किंवा हादगा असतो, त्याचीच ही बहीण म्हणावी. हिला शिक्षिका नाहीं, शुल्क नाहीं, परीक्षा नाहीं. मोठ्या मुली लहानींना गाणीं शिकवितात. कोणाकडे आधीं जायचें, खाऊ कोणी करायचा, भांडण झालें तर मिटवायचें कसें, हें सगळें मुलीच ठरवितात. पाठांतर, गायन, व्यवस्था आणि समजूतदारपणा हे चारही विषय त्यांत येतात. आतां जळगांवांत भुलाबाईचे महोत्सव भरतात, रंगमंचावर गाणीं होतात, ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु वाड्यांत व वसाहतींत पांच मुली सहा वाजतां मोकळ्या सांपडणें कठीण झालें आहे. कारण सहा वाजतां त्या पांच ठिकाणीं असतात.

कला शिकवणींतच उगवते, असेंही नाहीं. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेंत कधीं गेल्या नाहींत. जात्यावर आणि शेतांत काम करतां करतां त्यांच्या ओठांवर ओव्या आल्या. घरांतल्या लिहित्या माणसांनीं त्या टिपून ठेवल्या, आणि बहिणाबाई १९५१ सालीं गेल्यावर, १९५२ सालीं, त्यांचीं गाणीं छापून निघालीं. यावरून मुलींना शाळा नको, असा अर्थ कोणी काढूं नये. त्यांना शाळा मिळाली नाहीं हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता. पण एवढें खरें कीं, मनाला स्वतःशीं गुणगुणायला मोकळीक लागते. ती मोकळीक आज आपण शिकलेल्या घरांत, आपल्या शिकलेल्या मुलांपासून, पैसे भरून काढून घेत आहोंत.

मुलाचा हा मोकळा वेळ म्हणजे चैन नव्हे, हें जगानेंही मान्य केलें आहे. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं बालहक्कांचा जो करार केला, त्याच्या ३१ व्या कलमांत विश्रांती, फुरसत व खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे. भारतानें तो करार १९९२ सालीं स्वीकारला. जो हक्क देशानें मान्य केला, तो आपल्या माजघरांत मान्य व्हावा, एवढेंच मागणें आहे.

आतां प्रत्यक्ष काय करावें? मला जें सुचतें तें सांगतें. प्रत्येक घरानें आपापल्या सोयीनें त्यांत फरक करावा.

पहिली गोष्ट ही कीं, एका मुलाला एका वेळीं एक कला आणि एक मैदानी खेळ, याहून अधिक देऊं नये. अभ्यासाची शिकवणी खरोखरच लागत असेल, तर या दोहोंपैकीं एक कमी करावें; पण मुलाच्या स्वतःच्या आवडीचें तें ठेवावें. निवड मुलाची असावी, आणि निवडलेलें निदान सहा महिने सोडूं नये, हें बंधनही मुलावर असावें. आवड व चिकाटी दोन्ही अशानेंच कळतात. चिकाटीला रोजची घाई लागत नाहीं. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर १८ प्रवचनें केलीं, तीं दर रविवारीं एक याप्रमाणें. आणि साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. आठवड्याला एक, पण न चुकतां, एवढ्यानें एक ग्रंथ उभा राहिला. मुलाच्या गाण्याला वा चित्रकलेलाही हा दाखला पुरे आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. नांवाजलेल्या पण दूरच्या शिकवणीपेक्षां चालत जातां येईल अशी साधी शिकवणी बरी. धुळ्याच्या जुन्या शहरांत गल्ल्यांना क्रमांक आहेत. तिसऱ्या गल्लींतल्या मुलानें पांचव्या गल्लींत पायीं जावें, हें त्याच्या पायांना, धीटपणाला आणि आईच्या कंबरेला, तिन्हींना हितकर आहे. उन्हाळ्यांत मात्र सावध असावें. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हां दुपारीं चारची शिकवणी कितीही नामांकित असली तरी ती सकाळीं सातला किंवा संध्याकाळीं उशिरा घ्यावी, असें शिक्षकांना निक्षून सांगावें. ऐकत नसतील तर दोन महिने बंद ठेवावी. आखाजीच्या सुमारास माहेरवाशिणी आल्या, घर भरलें, म्हणजे मुलांनीं घरांतच असणें हेंही एक शिक्षण आहे.

तिसरी गोष्ट परीक्षांची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा चांगल्या आहेत. त्यांनीं शिकण्याला वळण लागतें. दहावीला शास्त्रीय कलांसाठीं व चित्रकलेसाठीं वाढीव गुणांचीही सोय आहे. पण पांच गुणांसाठीं गाणें शिकणारी मुलगी दहावी संपतांच पेटी माळ्यावर टाकते, हा अनुभव पुष्कळांना असेल. परीक्षा द्यावी, पण गाणें तिच्यासाठीं नसावें.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलांचें वेळापत्रक दारावर लावतां, तसें मोठ्या माणसांचेंही लावा. नेणें कोणीं, आणणें कोणीं, पोळ्या कोणीं, धाकट्याचा अभ्यास कोणीं, हें वारानुसार लिहा. लिहिलें म्हणजे दिसतें. ज्या कागदावर आठ शिकवण्या आहेत, त्याच्या शेजारीं दुसऱ्या कागदावर एकाच बाईचें नांव आठ वेळां लिहावें लागलें, तर तो कागद घरांतील पुरुषांना आपोआप कांहीं सांगेल. आपण एकत्र कुटुंबांत राहतों याचा अर्थ केवळ एका छपराखालीं झोंपतों असा नाहीं. काकांनीं पुतण्यांना आणावें, आजोबांनीं नातीचा हात धरून चालत जावें, आणि आजींनीं एक संध्याकाळ मुलांना सांभाळून सुनांना मोकळें करावें. ज्या घरीं हें होत नाहीं, त्या घरीं एकत्र राहण्याचा सारा भार सुनेवर आणि त्याचें सारें सुख इतरांना, असा प्रकार होतो.

आणि याच कागदावर मुलांचीं कामेंही लिहावीं. मुलींचीं आणि मुलग्यांचीं सारखीं. घर कामांत आहे म्हणून मुलीचें गाणें थांबतें आणि मुलग्याचें क्रिकेट चालूं राहतें, हा न्याय मुलगी मुकाट्यानें गिळते, पण विसरत नाहीं. कणीक भिजवायला मुलीचेच हात लागतात असें नाहीं.

पांचवी गोष्ट अगदीं लहान आहे. आठवड्यांतली एक संध्याकाळ कोरी ठेवावी. त्या दिवशीं शिकवणी नाहीं, मोबाइल नाहीं, पाहुणा आला तर तो सर्वांचा. मुलें पहिले दोन आठवडे “कंटाळा आला” म्हणून तगादा लावतील. त्यांना कंटाळूं द्यावें. तिसऱ्या आठवड्यांत तीं कांहींतरी काढतात, असा माझा अनुभव आहे. धुळ्यास माझ्या ओळखीच्या एका घरीं असा गुरुवार पाळतात. त्या घरचे आजोबा इतिहासाचे प्रेमी. वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले, आणि त्यांचें काम पुढें चालावें म्हणून तेथें राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. जुनीं दप्तरें तेथें आहेत. सुटींत एकदां आजोबा नातवंडांना तेथें घेऊन गेले. मोडी अक्षर पाहून नातू चकित झाला. आतां दर गुरुवारीं आजोबा त्याला मोडीचीं चार अक्षरें काढून देतात. ही शिकवणी कोठल्याही फलकावर लागलेली नाहीं.

“हें सर्व बोलायला ठीक, पण आज स्पर्धा केवढी आहे!” असें कित्येक वाचकभगिनी म्हणतील. स्पर्धा आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेंच जानेवारी २०२४ मध्यें शिकवणीवर्गांसाठीं जीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, त्यांत १६ वर्षांखालील मुलांना असल्या वर्गांत घेऊं नये असें म्हटलें आहे. स्पर्धेच्या शर्यतींत सातव्या वर्षीं थकविलेलें मूल सतराव्या वर्षीं पुढें असेल, अशी हमी कोणीच देत नाहीं. झोंप पुरी झालेलें, हौस शाबूत असलेलें आणि घरांत ज्याचें ऐकलें जातें असें मूल स्पर्धेंतही टिकतें.

जळगांवच्या त्या घरची पुढची हकीगत सांगून थांबतें. चौथ्या दिवशीं मी निघण्यापूर्वीं आजोबांनीं दारावरचा कागद काढला आणि सर्वांना बसवून नवा लिहिला. अबॅकस सुटलें, भरलेले पैसे परत मिळाले नाहींत, आणि तें थोरल्या मुलाला पुष्कळ दिवस लागलें. इंग्रजीऐवजीं धाकट्या काकू रात्रीं अर्धा तास तिघांना पुस्तक वाचून दाखवूं लागल्या. थोरल्या नातवाचें क्रिकेट तीन दिवसांवर आलें. तो आठवडाभर रुसला, मग विसरला. मंगळवारीं आणि शुक्रवारीं कणीक तो भिजवितो. ती कधीं सैल होते, कधीं घट्ट. पण पोळ्या होतात. गाण्याला मुलगी आजोबांचा हात धरून पायीं जाते.

दिवाळींत सूनबाईंचा फोन आला होता. घर पूर्वींसारखेंच गडबडीचें आहे, धाकट्याचें कराटे सोडवितांना रडारड झाली, सगळें कांहीं सुरळीत झालें असें नाहीं, असें त्यांनीं प्रांजळपणें सांगितलें. मग म्हणाल्या, “पण परवां मी पोळ्या करीत होतें आणि ही बाहेर बसून आपली आपण गात होती. इतक्या वर्षांत तिचें गाणें मीं कधीं ऐकलेंच नव्हतें. मी तिला दाराशीं सोडून परत यायची ना!”